जन्माची नोंद गावात, मरणाची मुंबईत

आमच्या गावात मुंबईकर बाई दोन कारणांनी यायची. एक जत्रेला आणि दुसरं बाळंतपणाला. जत्रेला आलेली बाई नवं लुगडं नेसून, पोरांसाठी खाऊचा पुडा घेऊन यायची. बाळंतपणाला आलेली बाई कराडला रेल्वेतनं उतरायची आणि पुढं बैलगाडीत पेंढ्यावर बसून, गचक्यागणिक पोटाला हात धरत यायची. कोयनेच्या खोऱ्यातलं आमचं गाव. घरटी एक तरी माणूस मुंबईला. कुणी गिरणीत, कुणी गोदीत, कुणी मंडईत पाटीवाला.

गावात दोन मतं होती. म्हातारी माणसं म्हणायची, "म्हमईनं बायकांची पोटं नासली." आणि मुंबईला राहून आलेल्या बायका म्हणायच्या, "म्हमई नसती तर आम्ही बाळंतपणातच ग्येलो असतो." लहानपणापासून ही दोन्ही वाक्यं मी एकाच ओसरीवर बसून ऐकली. माझी आजी गावची सुईण. मी पुढं सरकारी आरोग्य खात्यात नर्स झाले, १९७३ पासून पस्तीस वर्षं. आजीनं विळ्यानं नाळ कापली, मी निर्जंतुक ब्लेडनं. आजीच्या तोंडचं, आत्तीच्या तोंडचं आणि नोकरीत जे वाचलं-पाहिलं ते एकत्र ठेवलं, तर दोन्ही वाक्यांत किती खरं आहे ते कळतं. तेवढंच इथं सांगायचं आहे.

मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५४ साली उभी राहायला सुरुवात झाली. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत परळ, लालबाग, डिलाईल रोड, वरळी हा सगळा भाग गिरण्यांच्या चिमण्यांनी भरला. तिथं राबायला माणसं गेली ती रत्नागिरीतनं आणि घाटावरनं, म्हणजे आमच्या साताऱ्याकडनं. गेले ते मुख्यतः बाप्ये. १९२१ च्या शिरगणतीत मुंबईत हजार पुरुषांमागं बायका जेमतेम सव्वापाचशे होत्या. बाकीच्या बायका गावात शेत, गुरं आणि सासू-सासरे सांभाळत होत्या. पण ज्या गेल्या, त्यांतल्या पुष्कळ जणी गिरणीत लागल्या. त्या काळात गिरणीच्या दर पाच कामगारांत साधारण एक बाई होती. त्यांची खाती ठरलेली. रीळ खातं आणि वायंडिंग. त्यांच्यावर नायकीण. कामावर घेणारी तीच, काढणारीही तीच.

माझी आत्ती, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, चौदाव्या वर्षी लग्न होऊन आणि सोळाव्या वर्षी, १९३० साली, मुंबईला गेली. डिलाईल रोडच्या चाळीत एक खोली. त्या खोलीत नवरा-बायको, दीर, सासऱ्याकडचे दोन चुलतभाऊ आणि एक गाववाला. तिची चूल सगळ्यांची चूल. तशी ती काही वेगळी नव्हती. १९३१ च्या शिरगणतीनुसार मुंबईतली जवळजवळ पाऊण लोकसंख्या एका खोलीच्या घरांत राहत होती.

आत्तीचा दिवस पहाटे चारला नळावर सुरू व्हायचा. भाकऱ्या थापून ती गिरणीत जायची. १९३४ च्या कायद्यानं कामाचे तास दहावर आणले, तोवर अकरा तासांपर्यंत काम घेता येत होतं. काम अंगावरचं, जेवढं सूत गुंडाळलं तेवढे पैसे. म्हणून पोट पुढं आलं तरी बाई थांबत नसे. थांबली तर मजुरी थांबली. खात्यात सुताला ओल हवी म्हणून हवा दमट ठेवलेली, त्यात कापसाची धूळ. आत्ती म्हणायची, "धा तास हुभं ऱ्हायलं म्हंजी पाय बोलत न्हाईत गं, कंबार बोलती. आन् कंबार बोलाय लागली की पोटातलं बी बोलतं."

तिनं मला आणखी एक गोष्ट सांगितली, जी कुठल्या सरकारी अहवालात ठळक लिहिलेली नसते. चाळीत मजल्याच्या टोकाला सगळ्यांचे मिळून संडास. सकाळी पुरुषांची रांग. गिरणीत तर कामाच्या मधेच गेलं की नायकीण डोळे वटारणार. म्हणून बायका पाणीच पीत नसत. सकाळी एकदा आणि रात्री अंधार पडल्यावर एकदा, एवढीच त्यांची लघवीला जायची वेळ. लघवीची आग, ओटीपोटात कळ, अंगावरून पांढरं जाणं, हे सगळं "बाईच्या जातीला असतंच" म्हणून त्या सोसत. मी नर्सिंग शिकले तेव्हा पुस्तकात वाचलं, की लघवीचा जंतुसंसर्ग अंगावर काढला तर गरोदर बाईला दिवस भरायच्या आधी कळा लागू शकतात. तेव्हा मला आत्तीचं सातव्या महिन्यात गेलेलं पोर आठवलं. ते कशानं गेलं हे आता कुणी सांगू शकणार नाही. पण पाणी न पिणाऱ्या, दहा तास उभ्या असणाऱ्या, शिळ्या भाकरीवर राहणाऱ्या पोरसवदा बाईच्या पोटात मूल नांदणं किती अवघड, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

मग बाळंतपणाला गाव का? एक म्हणजे रीत. पहिलं माहेरी. दुसरं म्हणजे जागा. सहा माणसांच्या खोलीत बाज टाकायची कुठं, शेगडी पेटवायची कुठं आणि बाप्यांनी त्या रात्री जायचं कुठं? आणि तिसरं, जे आत्ती सांगायची ते, "आयेचा हात." तिची आई सुईण. गावात आल्यावर तिला दूध मिळायचं, डिंकाचा-अळिवाचा लाडू मिळायचा, तेल लागायचं, शेक मिळायचा. मुख्य म्हणजे निजायला मिळायचं. सोळा वर्षांची मुलगी दोन वर्षांत पहिल्यांदा दुपारी निजली, असं आजी डोळ्यांत पाणी आणून सांगायची.

पण गाव म्हणजे काही स्वर्ग नव्हता. हे मी सुईणीची नात म्हणून सांगते. आजीचा हात हलका होता, धीर दांडगा होता. पण नाळ विळ्यानं कापली जायची आणि विळा गोठ्यातला. सहाव्या-सातव्या दिवशी पोर दूध ओढेना, अंग ताठ व्हायचं, आणि बायका म्हणायच्या, "सटवीनं नेलं." ती सटवी म्हणजे धनुर्वात, हे आजीला कधी कुणी सांगितलं नाही. बाळंतिणीला ताप भरला तर बाळंतरोग. मूल आडवं आलं तर मग देवाचं नाव. गावात सव्वा महिन्याची विश्रांती होती, पण ती घरच्या लेकीला. घरच्या सुनेला बाराव्या दिवशी पाण्याची घागर डोक्यावर होती. अंग बाहेर आलेल्या कितीतरी बायका माझ्या दवाखान्यात आल्या, त्या मुंबईला कधी गेलेल्या नव्हत्या.

आता त्या काळचा एक आकडा सांगते. १९२१ साली मुंबई शहरात जन्मलेल्या दर हजार मुलांमागं ६६६ मुलं वर्षाच्या आत दगावली, अशी नोंद आहे. नोकरीतल्या एका प्रशिक्षणात मी हा आकडा पहिल्यांदा ऐकला आणि वर्गात सगळ्या गप्प झाल्या. तीन पोरांतली दोन! पण या आकड्याच्या पोटात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आमच्या गावाची गोष्ट आहे.

समजा, चाळीतल्या दहा बायका गरोदर आहेत. त्यांतल्या पाच गावाला जाऊन बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांचा जन्म गावच्या पाटलाच्या वहीत लिहिला गेला. दोन-तीन महिन्यांनी त्या पोर घेऊन मुंबईला परतल्या. मुंबईच्या वहीत जन्म पाचच. पण पोरं मेली तर ती दहांतली. म्हणजे जन्माची नोंद गावात आणि मरणाची मुंबईत. त्यामुळं मुंबईचा आकडा खऱ्यापेक्षा फुगला. त्या काळच्या जाणत्या लोकांनीही हे सांगितलं होतं. मुंबईत तेव्हा पोरं मरत नव्हती असा याचा अर्थ नाही. भयंकर मरत होती. पण हा आकडा दुसरीही एक गोष्ट सांगतो. पोर जन्मताना गावात जगलं, आणि पुष्कळदा परतल्यावर चाळीत गेलं. धोका जितका बाळंतपणात होता तितकाच परतीच्या गाडीनंतरही होता.

परतल्यावर काय व्हायचं? आई गिरणीत, पोर खोलीत. शेजारची म्हातारी सांभाळायची, महिन्याला काही आणे घेऊन. एका म्हातारीकडं चार-पाच पोरं. ती रडू नयेत म्हणून बाळगोळी. बाळगोळीत अफू. मुंबई सरकारनं गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाची चौकशी करायला डॉ. एफ. डी. बार्न्स या डॉक्टरीणबाईंना नेमलं होतं. त्यांचा अहवाल १९२२ साली सरकारच्या 'लेबर गॅझेट'मध्ये छापून आला. कामकरी बायकांच्या जवळजवळ सगळ्याच तान्ह्या पोरांना अफू दिली जाते, असं त्यांनी नोंदवलं. अफूनं पोर झोपतं, भूक मरते, दूध ओढत नाही. आईचं दूध दहा तास छातीत साठून गाठी होतात आणि मग आटतं. दूध आटलं की पाळी लवकर सुरू होते आणि पुढचा गर्भ लवकर राहतो. गावात दीड-दोन वर्षं अंगावर पाजणाऱ्या बाईला दोन पोरांत जे अंतर आपसूक मिळायचं, ते मुंबईत गिरणीच्या भोंग्यानं खाल्लं. आत्तीला चौदा वर्षांत सहा बाळंतपणं झाली. त्यांतली दोन मुलं वाचली.

एक पोर गोळी खाऊन झोपलं ते उठलंच नाही. हे ती एकदाच बोलली, मी नर्स झाल्यावर. तिनं विचारलं, "तुमच्या पुस्तकात हाय का त्या गोळीचं?" मी म्हणाले, "हाय आत्ती." त्यावर ती म्हणाली, "मंग बरं. म्हंजी माजं दूध वंगाळ नव्हतं." चाळीस वर्षं ती बाई आपलंच दूध बाधलं असं समजत होती.

या बायकांचं कुणाला काही वाटलं की नाही? वाटलं. १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात आर. एस. आसवले यांनी प्रसूतीच्या भत्त्याचं विधेयक मांडलं. २८ जुलै १९२८ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या बाजूनं भाषण केलं. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे साऱ्या देशाच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा भार सरकारनं उचलला पाहिजे, पण बाईला कामाला लावून नफा घेणारा मालकही त्यातून सुटू शकत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. १९२९ साली कायदा झाला. बाळंतपणाआधी तीन आठवडे आणि नंतर चार आठवडे, दिवसाला आठ आणे.

हिशेब करा. सात आठवड्यांचे एकोणपन्नास दिवस, म्हणजे साडेचोवीस रुपये. आज हसू येईल. पण आत्तीच्या तिसऱ्या बाळंतपणात ते पैसे मिळाले आणि ती पहिल्यांदा नववा महिना लागायच्या आत गावाला आली. त्या पैशातनं तिनं एक शेळी घेतली. "त्या शेळीच्या दुधावर तुजा आतेभाव जगला," असं ती सांगायची. पैसे सुखासुखी मिळत नसत. कारकुनाला गावात जन्मल्याची पाटलाची चिठ्ठी हवी, चिठ्ठी आणली तर सही चुकीच्या जागी, आणि सही बरोबर असली तर चहापाणी. गिरणीचं नाव कशाला घ्या? सगळीकडं तीच तऱ्हा होती.

कायद्याला दुसरी बाजूही होती. भत्ता मालकाच्या खिशातनं जाणार, म्हणून पोट दिसायला लागलेली बाई आधीच काढायची, नवी लग्न झालेली घ्यायचीच नाही, असं सुरू झालं. रात्रपाळीला बायकांना कायद्यानं बंदी, नवी यंत्रं आली तशी त्यांची खातीही आटली. कारणं अनेक, पण परिणाम एक. पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत गिरणीतल्या बायका कमी होत होत नावापुरत्या उरल्या. त्या गेल्या कुठं? खाणावळी चालवायला, घरकामाला, विड्या वळायला, बाजारात पाटी घेऊन. त्या कामांना ना भत्ता, ना रजा. ज्या कायद्यानं बाळंतिणीला अंथरूण दिलं, त्याच कायद्याच्या भीतीनं पुष्कळींची नोकरी गेली. दोष कायद्याचा नव्हे. भार एकट्या मालकावर टाकू नका, हे तेव्हाच सांगितलं गेलं होतं.

आता मुंबईच्या बाजूनं बोलते. आत्तीचं पाचवं बाळंतपण मुंबईतच करावं लागलं. पावसाळा होता, नदीला पूर, गावाला यायची वाट बंद. मूल आडवं. कळा देऊन दीड दिवस झाला तेव्हा चाळीतल्या बायकांनी तिला घोडागाडीत घालून परळच्या बाळंतपणाच्या इस्पितळात नेलं. १९२६ साली परळला के. ई. एम. आणि नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह उघडलं होतं. गिरणगावाच्या दारात इस्पितळं आली होती. तिथं पोट चिरून मूल काढलं. मूल गेलं, आत्ती वाचली. आजीला हे कळलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हितं असती तर दोगं बी ग्येली असती. माज्या हातनं ग्येली असती." सुईणीच्या तोंडचे हे शब्द आहेत. म्हणून "मुंबईनं पोटं नासली" असं कुणी सरसकट म्हणालं की मी गप्प बसत नाही.

पण मुंबईनं नासलेली पोटं होतीच, आणि त्यांतली काही तर मुंबई न पाहिलेल्या बायकांची होती. ही गोष्ट आमच्या घरातली आहे. माझा थोरला चुलता गिरणीत होता. चुलती गावात. तो वर्षातनं एकदा-दोनदा यायचा. दहा वर्षं झाली, मूल नाही. सासूनं नवस केले, भगताला दाखवलं, चुलतीला वांझ म्हणून हळदीकुंकवाला बोलावणं बंद झालं. १९४१ साली चुलत्यानं दुसरी केली. तिलाही मूल नाही. पहिल्या वर्षी तिच्या ओटीपोटात दुखायला लागलं, ताप आला, आणि मग काहीच नाही. दोघी सवती एका घरात म्हाताऱ्या झाल्या.

हजारो बाप्ये बायकांविना खोल्यांत आणि खाणावळींत राहत होते. त्यांतले काही वाईट वस्तीत जात. परमा आणि गरमी ही नावं गावात सगळ्यांना ठाऊक होती, पण ती बाप्यांची दुखणी समजली जात. पेनिसिलीन यायचं होतं. परम्यानं बाईच्या गर्भनळ्या बंद होतात आणि बऱ्याचदा तिला ते कळतही नाही. गरमीनं पोरं पोटातच मरतात. सुटीला आलेला नवरा पेढ्यांच्या पुड्याबरोबर हेही घेऊन यायचा. मी नर्स झाल्यावर चुलतीला हे आडून आडून सांगायला गेले. ती शांतपणे म्हणाली, "ते मला कवाच उमागलंय. एका रानात उगावलं न्हाई, रान नापीक. दोन रानांत उगावलं न्हाई, मंग बी बघावं का न्हाई?" अक्षर न शिकलेल्या बाईनं हे निदान शेतावरून केलं होतं. पण ते बोलून दाखवायची सोय तिला नव्हती.

दुसरं दुखणं क्षयाचं. एका खोलीत दहा माणसं, उजेड नाही, धूळ. क्षय फुप्फुसाचा असतो एवढंच लोक समजतात. तो बाईच्या गर्भाशयात आणि नळ्यांतही बसतो. ना खोकला, ना बेडका. फक्त पाळी कमी होते आणि मूल राहत नाही. आपल्या देशात मूल न होण्यामागचं हे एक मोठं कारण आहे. किती बायकांच्या कपाळी वांझपण लिहिलं ते सटवीनं नव्हे, चाळीच्या बंद खिडकीनं.

मूल नको असणाऱ्या बाईचं काय? १९२१ साली र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं. लोकांनी त्यांना छळलं, खटले झाले. १९३८ साली आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला. म्हणजे ज्या शहरात हे ज्ञान होतं त्याच शहरात आत्ती होती. गिरगाव ते डिलाईल रोड अंतर किती? पण ते ज्ञान तिच्या चाळीचा जिना कधी चढलं नाही. तिच्यापर्यंत पोहोचल्या त्या झाडपाल्याच्या काड्या. मूल पाडायला काडी घालून घेणारी तिच्या मजल्यावरची एक बाई रक्त जाऊन मेली. गर्भपाताचा कायदा १९७१ साली झाला.

माझ्या नोकरीच्या काळात चित्र पालटलं होतं. १९५२ पासून सरकारनंच कुटुंब नियोजन हाती घेतलं. तांबी आली, ऑपरेशन आलं. आणीबाणीत पुरुषांना धरून नसबंदी झाली, त्या रागानं पुढं पुरुष त्या टेबलावर चढेचना, आणि सगळा भार बायकांवर आला. गावातल्या बाईला दुसऱ्या-तिसऱ्या मुलानंतर ऑपरेशन. मुंबईहून आलेली बाई मात्र मला विचारायची, "नर्सबाई, थांबवायचं न्हाई, लांबवायचंय. काय हाय तुमच्याकडं?" हा प्रश्न तिला शहरानं शिकवला होता. शेजारणीकडं, दवाखान्यात, मुलाच्या शाळेत तिनं पाहिलं होतं, की बाळंतपण ही आपण ठरवायची गोष्ट असू शकते. मला वाटतं, मुंबईनं आमच्या बायकांना दिलेली सगळ्यांत मोठी वस्तू ही आहे.

मग १८ जानेवारी १९८२ चा संप आला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. संप मिटलाच नाही. गावाकडं एसट्या भरभरून माणसं परतली. बाप्यांच्या हाताला काम नाही हे सगळ्यांना दिसलं. मला दिसलं ते वेगळं. मुंबईत ज्या बायका विम्याच्या दवाखान्यात नाव घालायच्या, तपासायला जायच्या, त्या आठव्या-नवव्या महिन्यात माझ्यापुढं आल्या. कागद नाही, रक्त तपासलेलं नाही, पापण्या पांढऱ्या फटक. नवऱ्याची नोकरी गेली तशी त्यांची बाळंतपणाची सोयही गेली, कारण ती सोय तिच्या नावावर कधी नव्हतीच. पन्नास वर्षांपूर्वी आत्ती स्वतःच्या भत्त्यावर गावाला आली होती. या बायकांकडं तेवढे साडेचोवीस रुपयेही स्वतःचे नव्हते.

आता वाट उलटी झाली आहे. आज आमच्या गावातल्या सुना बाळंतपणाला कराडला, पुण्याला, नाहीतर नवी मुंबईला लेकीकडं-जावेकडं जातात. गोठ्यातला विळा गेला. महाराष्ट्रात जवळजवळ सगळी बाळंतपणं दवाखान्यात होतात. ही लहान गोष्ट नाही, आजी असती तर तिनं गुळाची ढेप वाटली असती. पण २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं, आणि चारांत एक बाळंतपण सिझर झालं. माझी नात पुण्यात नोकरी करते. तिच्या ऑफिसात स्वच्छ संडास आहे, सव्वीस आठवड्यांची पगारी रजा आहे. पण तिच्या घरी धुणीभांडी करणारी लातूरकडची मुलगी पाचव्या महिन्यात चार मजले चढते, आणि दिवसभर पाणी पीत नाही. का, म्हणून विचारलं, तर म्हणाली, "आज्जी, जायचं कुठं?" हे वाक्य मी आत्तीच्या तोंडून ऐकलेलं होतं.

म्हणून शहर वाईट की गाव वाईट, हा वाद मला पटत नाही. शहरानं इस्पितळ दिलं आणि विश्रांती काढून घेतली. गावानं विश्रांती दिली, ती फक्त लेकीला, आणि विळा तोच ठेवला. बाईचं पोट सांभाळायला पाणी, संडास, पोटभर अन्न, चार आठवडे अंथरूण, स्वतःच्या नावचे पैसे आणि नवऱ्यालाही तपासायला सांगायची मुभा, एवढं लागतं. हे जिथं मिळालं तिथं बाई जगली, मग ती चाळ असो की वाडी.

आमच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत जन्म जिथं झाला तिथंच लिहायचा नियम आहे, १९६९ च्या कायद्यानं. पण अर्जात आईच्या नेहमीच्या राहण्याच्या ठिकाणाचाही रकाना आहे. हाताखालच्या मुली तो घाईत मोकळा सोडायच्या, नाहीतर "सदर" लिहून पुढं जायच्या. मी त्यांना थांबवून विचारायला लावायची. बाई, तू राहतेस कुठं, खोली केवढी, काम काय करतेस, परत कधी जाणार? रकाना एवढासा. त्यात आईचं गाव मावतं, बाकीचं मावत नाही. पण विचारलं की बाई बोलते. आणि ती बोलली तर तिच्या परतीच्या गाडीच्या आधी चार गोष्टी सांगता येतात.